दुसरी किल्ली

तिजोरीची किल्ली त्याने टेबलावर ठेवली आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर सरीवर सर येत होती, हेड कॅशियर नोटा मोजायच्या मशीनवर फडकं टाकत होते. ‘चार्ज दिला’ या रकान्यात त्याने सही केली, तारीख घातली, वेळ लिहिली. ‘चार्ज घेतला’मध्ये मी केली. तीन महिन्यांची नोटीस त्या दिवशी संपत होती. २०२० साली बँकेत पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणून लागलेला यवतमाळकडचा मुलगा, पाच वर्षांत तिसरी शाखा, आणि आता आपल्या गावाजवळच्या तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून चालला होता. पगार बराच कमी होणार, हुद्दाही. दुपारी आम्ही सगळ्यांनी त्याला शाल, श्रीफळ दिलं होतं, प्रत्येकाने चार शब्द बोलून झाले होते. आता तो, मी आणि ती पितळी किल्ली एवढेच उरलो होतो. त्याने बॅग खांद्याला लावली, दोन पावलं गेला आणि वळला. “मॅडम, एक विचारू? तुम्ही एवढी वर्षं कशासाठी राहिलात?”

मी दिवसभराची दमलेली होते. म्हटलं, “अरे, पेन्शन आहे. घराचं कर्ज स्टाफ रेटने मिळालं. मुलीचं शिक्षण झालं. अजून काय लागतं माणसाला?”

तो जरा थांबला. “मला ती पेन्शन नाही, मॅडम,” म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, एखाद्या फॉर्ममधली चुकलेली तारीख दाखवून द्यावी तसं म्हणाला. मग वाकून नमस्कार केला आणि शटरखालून बाहेर पडला.

त्या रात्री किल्ली माझ्या उशाला होती आणि डोळ्याला डोळा लागला नाही.

१ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना आमची जुनी पेन्शन नाही, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांच्या पगारातून एनपीएसची, म्हणजे नव्या पेन्शन योजनेची, कपात होते, बँक आपला वाटा घालते, आणि साठाव्या वर्षी हाती काय येईल ते बाजारावर ठरतं. शाखेतल्या पाच जणांपैकी जुनी पेन्शन असलेली मी एकटी. तरी त्याच्या प्रश्नाला पहिला शब्द तोच तोंडातून निघाला. आम्ही दोघं एका रांगेत बसत होतो, एकाच सिस्टीममध्ये लॉगिन करत होतो, एकाच तिजोरीची जबाबदारी सांभाळत होतो, आणि मी त्याला वडीलधाऱ्या सुरात माझ्या बँकेबद्दल सांगत होते. ती त्याची बँक नव्हतीच. आणि खरं सांगायचं तर मी ज्यासाठी राहिले, ते पेन्शनही नव्हतं. मग काय होतं, हे त्या रात्रीपासून मी स्वतःला विचारते आहे.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रात्री ड्युटीवरून आले की चामड्याच्या बॅगेतली नाणी ते जमिनीवर ओतायचे आणि पुन्हा एकदा मोजायचे. डेपोत हिशेब जमा करून आलेले असायचे, उरलेली ती त्यांची स्वतःची चिल्लर, तरी मोजायचे. कमी भरलं तर पगारातून जातं, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मी बीएसआरबीची, म्हणजे बँक भरती मंडळाची, परीक्षा पास होऊन १९९६ साली राजापूरला कॅशियर-कम-क्लार्क म्हणून लागले, तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: “पैसे दुसऱ्याचे असतात. हात धुऊन घरी यायचं.” मला ते तेव्हा स्वच्छतेबद्दलचं वाटलं. नोटांनी बोटं खरंच काळी होतात. ओल्या स्पंजची वाटी, बोटांच्या शेंड्यांना येणारा तो तेलकट, घामट वास, साबणाने दोनदा धुतले तरी जेवताना जाणवणारा. त्यांना दुसरंच काही सांगायचं होतं, हे कळायला वर्षं गेली.

राजापूरची शाखा म्हणजे एक लांबट खोली, कौलातून आलेला उन्हाचा चौकोन, आणि लेजर. दोन हातांनी उचलावी लागणारी ती पुस्तकं, कापडी बांधणीची, पावसाळ्यात पानं फुगायची आणि कोपऱ्यांना बुरशीचा वास यायचा. पितळी टोकन काउंटरवर ठेवलं की टण्ण वाजायचं. मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे काढायला बायका येत, स्लिपवर अंगठा उठवत, आणि अंगठ्याची शाई पुसायला ठेवलेल्या चिंधीकडे न जाता साडीच्या आतल्या काठाला पुसत. मला त्या काळाबद्दल हुरहूर वाटते, पण तो काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. त्या बायका एका सहीसाठी तासतास बसायच्या. आणि ती लेजर भिजली, जळली, वाळवीने खाल्ली, तर त्या अंगठ्यांमागचे पैसे किती होते हे सांगणारं जगात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधीच्या गर्दीत माझी कॅश ५,००० रुपयांनी कमी भरली. ५०च्या नोटांच्या पाकिटाऐवजी मी कुणाला तरी १००च्या नोटांचं पाकीट दिलं होतं. कुणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हेड कॅशियरना आम्ही काका म्हणायचो. ते माझ्यासोबत रात्री नऊपर्यंत बसले, प्रत्येक व्हाउचर दोनदा उलटून पाहिलं, रद्दीची टोपली जमिनीवर ओतली. माझा महिन्याचा पगार त्याच्या आसपासच होता. वडिलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. काकांनी कपाटातून फॉर्म काढला, स्वतःच्या नावाने फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्सचा अर्ज लिहिला आणि म्हणाले, “कॅश आज टॅली झाली पाहिजे. माझं तू सावकाश फेड.” सणाला त्यांच्या घरात त्या वर्षी नवे कपडे आले नाहीत, हे मला त्यांच्या मुलीकडून फार नंतर समजलं. २००१मध्ये ते व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन गेले. देशभरातले हजारो जुने बँकवाले त्या एका लाटेत निघून गेले, आणि नोटा हाताने मोजता मोजता माणूस ओळखणारी एक पिढी काउंटरवरून उठली.

फायदे खोटे नाहीत. मी त्याला सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रत्नागिरीत आमचं घर उभं राहिलं ते स्टाफच्या हाउसिंग लोनवर. सरळव्याज, आधी मुद्दल फिटतं आणि व्याज मागून. बाहेर कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. दोन खोल्यांच्या चाळीत आयुष्य गेलेले वडील पहिल्यांदा त्या घरात आले तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. त्यांच्या बायपासचं बिल पाहून माझे हातपाय गळाले नाहीत, तेही बँकेमुळेच. एक गोष्ट मात्र बायकांनीच समजून घ्यावी अशी आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या पुरुषाला जेवढा पगार तेवढाच मला, पहिल्या दिवसापासून. वाढीसाठी कुणाच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहावं लागलं नाही. कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि आयबीए ही बँकांची संस्था यांचा द्विपक्षीय करार होतो, तक्ता लागतो, आणि त्या तक्त्याला मी बाई आहे, कंडक्टरची मुलगी आहे, याचं काही घेणंदेणं नसतं. माझ्या मैत्रिणी खासगीत माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांतल्या दोघींना बाळंतपणानंतर परत घेतलं नाही. मला माझी खुर्ची तशीच मिळाली, खालच्या खणात माझा स्पंजसुद्धा होता.

आणि तरीही.

बढती मी अकरा वर्षं टाळली. अधिकारी झालं की बदली आलीच. शेवटी मुलगी दहावी झाल्यावर २०१४ साली परीक्षा दिली आणि हिंगोली जिल्ह्यात जाऊन पडले. कोकणातून मराठवाड्यात. भाषा आपलीच, पण पाण्याची चव, भाकरीचं पीठ, संध्याकाळच्या उन्हाचा रंग, सगळं वेगळं. माणसांनी जीव लावला, सोयाबीनच्या दिवसांत टेबलावर ओल्या शेंगांच्या पिशव्या यायच्या. नोटबंदीचे ते दिवस मी तिथेच काढले, त्यावर सगळ्यांनी लिहून झालं आहे, मी लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते एका रजेच्या अर्जाबद्दल. मुलीची बारावी होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि बँकेचं वर्ष संपतं ३१ मार्चला. या देशात बँकेत काम करणाऱ्या किती आयांनी आपल्या मुलांचे बोर्डाचे पेपर फोनवरून काढले असतील, याची कुठे नोंद नाही. मी दहा दिवस मागितले होते. अर्ज परत आला, वर इंग्रजीत एक ओळ होती: वर्षअखेर असल्यामुळे विचार करता येत नाही. फिजिक्सच्या आदल्या रात्री मुलीला ताप आला. तिचा फोन आला तेव्हा मी थकीत पीककर्जांची यादी घेऊन सरपंचांच्या ओट्यावर बसले होते. “आई, तू बोलत राहा, मी झोपते,” ती म्हणाली. मी अर्धा तास बोलत राहिले, शेजारी कर्जदार बसलेले होते, ते उठून लांब जाऊन बसले.

परत रत्नागिरीत आले तेव्हा बँक पुष्कळ बदलली होती. सकाळी काउंटर उघडायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे मागवले जाऊ लागले. आज किती खाती, किती विमा, किती कार्ड. संध्याकाळी सातला व्हिडिओ मीटिंग, आणि ज्याचा आकडा शून्य त्याचं नाव सगळ्यांसमोर घेतलं जायचं. अशाच एका ‘लॉगिन डे’ला, म्हणजे विमा विकायच्या खास दिवशी, एक निवृत्त शिक्षक एफडी मोडून नवी करायला आले होते. मी त्यांना विमा पॉलिसी दिली. दरवर्षी हप्ता भरावा लागेल, हे मी सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. पण घाईत सांगितलं, मागे रांग होती, आणि ते माझ्याकडे पाहत मान हलवत होते, कागदाकडे पाहत नव्हते. वर्षभराने हप्त्याची नोटीस घेऊन आले. भांडले नाहीत. “बाई, मला वाटलं एकदाच आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून सही केली,” एवढंच म्हणाले. मी काय काय करता येतं ते पाहिलं, जे थोडंफार निघालं ते काढून दिलं, उरलेलं गेलं. ते त्यानंतरही माझ्याच काउंटरला येत राहिले. त्यांनी दुसरीकडे जावं असं मला वाटायचं. मला वडिलांचं ते हात धुण्याचं वाक्य तेव्हा समजलं.

लोक विश्वास ठेवतात तो माणसावर. आणि मोठी बँक बांधलेली असते ती कुठल्याही एका माणसावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून. एक जण नोंद करतो, दुसरा ती पास करतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, एकाच्या किल्लीने ती उघडत नाही. वर्षातून दहा दिवस सक्तीच्या रजेवर जावं लागतं, आधी न सांगता, म्हणजे तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की काय काय वर येतं ते पाहता येतं. तीन वर्षांनी बदली. पूर्वी मला हे सगळं अविश्वासाचं वाटायचं, अपमानाचंही. आंब्याच्या कॅनिंगचा छोटा धंदा करणारी एक बाई मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. पावसात भिजत येऊन हप्ता भरणारी. पण कुठल्यातरी जुन्या जामीनकीमुळे तिचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पडलेला होता. तिच्या कर्जाचा प्रस्ताव विभागीय कार्यालयातल्या सेलकडे गेला आणि तिकडूनच परत आला. तिथे बसलेल्या मुलाने तिला पाहिलेलं नाही, कधी पाहणारही नाही. मी तिला ओळखते, या गोष्टीला भरायला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. तिने पतसंस्थेकडून जास्त व्याजाने पैसे उचलले.

पण दुसरी बाजूही डोळ्यांसमोर आहे. २०१९मध्ये मुंबईतल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि भांडुपच्या माझ्या मावशीला स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढता येईनात. तिथला मॅनेजर तिला नावाने हाक मारायचा, दिवाळीला घरी यायचा. ओळख होती, रकाना नव्हता.

आता चिपळूण सांगते. तेच मी त्या मुलाला सांगायला हवं होतं.

२२ जुलै २०२१. मी चिपळूणच्या शाखेत अधिकारी होते, एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तिथल्या हेड कॅशियरकडे. शाखा बाजारपेठेत, तळमजल्यावर. मी एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहत होते. पाऊस रात्रभर कोसळत होता, चिपळूणला त्याचं नवल नाही. पहाटे खालून आरडाओरडा ऐकू आला आणि टॉर्च मारला तर जिन्यात पाणी. तांबूस, जड, आवाज न करता चढणारं पाणी. घरमालकीणबाई सारख्या म्हणत होत्या, “२००५च्या खुणेच्या वर नाही जायचं,” आणि ते गेलं. फोन बंद पडले. मी पर्समधून किल्ली काढली, ओढणीच्या टोकाला तीन गाठी मारून बांधली आणि ओढणी कमरेला गुंडाळली. जीव वाचवायच्या वेळी बाईने दागिने शोधावेत, मी बँकेची किल्ली शोधली. यात शौर्य काही नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. पुढचा पूर्ण दिवस आम्ही सतरा माणसं गच्चीच्या खोलीत होतो, एका कुकरच्या खिचडीवर.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी शाखेपाशी पोचले. गुडघाभर चिखल, आडव्या झालेल्या रिक्षा, किराणा दुकानांतून वाहून आलेल्या भिजलेल्या धान्याचा आंबलेला वास. हेड कॅशियर आधीच येऊन थांबले होते. पेठमापला त्यांचं घर पूर्ण बुडालं होतं. अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट, पायात चप्पल नाही. त्यांची काही बातमी नव्हती म्हणून दोन दिवस माझ्या पोटात गोळा होता. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही. त्यांनी शर्ट वर करून करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. मी ओढणीचं टोक दाखवलं.

कुलपात चिखल बसला होता. जुन्या टूथब्रशने आणि मशीनच्या तेलाने तासभर साफ केलं, मग दोन्ही किल्ल्या एकापाठोपाठ फिरल्या. आत नोटांची बंडलं फुगून एकमेकांना चिकटली होती, ओल्या पावासारखी. पुढचे कितीतरी दिवस आम्ही एकेक नोट सोडवत होतो, टेबलांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दोरीवर सुकवत होतो. मशीन मेलेली, सगळं हाताने मोजायचं. आणि तेव्हा माणसं आली. कोल्हापूरहून, पुण्याहून, ज्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती अशा शाखांमधून. जनरेटर घेऊन, फावडी घेऊन, डब्यातून पोळ्या घेऊन. एका शिपायाने गावाकडून स्वतःच्या बायकोच्या नव्या साड्या आणल्या होत्या, शाखेतल्या आम्हा दोघी बायकांना घालायला. त्यांनी चिखल उपसला, आमच्यासोबत नोटा सोडवल्या, आणि कुणीही निरोप न घेता आपापल्या शाखेत परत गेले. कॅश टॅली झाली. एक नोट कमी नाही. माझ्यासमोर त्या क्षणी राजापूरचे काका उभे राहिले.

सगळंच असं निभावलं नाही. लॉकरवाले येत होते. पेटी उघडायची, आत गाळ. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जमिनीचं खरेदीखत काढलं, घडी उघडली आणि अक्षरं कागदासकट त्यांच्या बोटांना लागून आली. नैसर्गिक आपत्तीतल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. नियम बरोबर असेल. पण तो त्यांच्यासमोर म्हणून दाखवणारं तोंड माझं होतं.

आठव्या की नवव्या दिवशी, दुसऱ्या शाखेतून आणलेला प्रिंटर टेबलाऐवजी दोन खोक्यांवर ठेवून आम्ही काउंटर सुरू केला. पहिल्याच तासात मासळी विकणारी एक बाई आली. हातात पिशवी, पिशवीत लगदा. ते तिचं पासबुक होतं. आधार कार्ड वाहून गेलेलं, खातेनंबर माहीत नाही. “माझं पैशे ग्येलं काय गो?” तिने विचारलं. तिला खरोखर तसं वाटत होतं. पैसे या इमारतीत होते आणि इमारत तिने आपल्या डोळ्यांनी बुडालेली पाहिली होती. मी नावावरून, गावावरून शोधलं. स्क्रीनवर तिचा फोटो आला, डोक्यावर पदर, तोच चेहरा. खाली अंगठा. नवं पासबुक घातलं आणि प्रिंटर करकरत चालू लागला. ओळीमागून ओळ, मार्चमधले दोनशे, एप्रिलमधले पाचशे, ४१,३६० रुपये शिल्लक. शेवटच्या रुपयापर्यंत सगळं होतं. ते चिपळूणमध्ये नव्हतंच कधी, शेकडो मैल दूर कुठल्यातरी थंड खोलीतल्या मशीनमध्ये होतं, जिथे वाशिष्ठीचं पाणी पोचत नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिने छापलेल्या ओळींवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. “समदा हाय?” “सगळं आहे.” ती बाहेर जाऊन ओल्या पायरीवर बसली. बराच वेळ बसली होती.

मी ज्या यंत्रणेवर इतकी वर्षं चिडले, जिला माझा चेहरा नको असतो, ओळख नको असते, तिनेच त्या बाईचं पाच-सहा वर्षांचं टोपलं वाहणं जपून ठेवलं होतं. माझ्यापाशी फक्त दोन किल्ल्यांमधली एक होती. मला ते पुरेसं वाटलं. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, कशासाठी राहिलीस, तर मी पायरीवर बसलेल्या तिच्याकडे बोट दाखवलं असतं.

पण हे त्या मुलाला सांगून तो राहिला असता का? राहावं का त्याने? याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. यवतमाळ आणि रत्नागिरी, राज्याची दोन टोकं, जायचं-यायचं म्हणजे तीन दिवस मोडतात. त्याने आठवड्याची रजा मागितली होती. माझ्याकडे दोनच अधिकारी, त्यातला एक तो, वसुलीची यादी टेबलावर, वरून रोज दोनदा फोन. मी त्याच्या अर्जावर एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर मला ती ओळखीची वाटली. हिंगोलीत माझ्या अर्जावर होती तीच, जवळजवळ शब्दशः. पेन तसाच हातात धरून मी थोडा वेळ बसले, आणि मग सही केली. ऑपरेशन त्याच्या चुलतभावाने केलं, म्हणजे सोबत थांबला. तो मला त्याबद्दल कधी काही बोलला नाही. एप्रिलमध्ये राजीनामा दिला. त्याच्या जाण्याचं कारण विभागीय कार्यालयाला कळवताना मी ‘दुसरी नोकरी’ असं लिहिलं, नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे.

बँकेला तो गेल्याने काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी आणि हेड कॅशियर स्ट्राँगरूमसमोर उभे राहिलो, त्यांची किल्ली फिरली, मग माझी. नवा अधिकारी यायला दोन महिने लागतील असं कळलं. तोवर ती किल्ली माझ्याकडे. बावन्नाव्या वर्षी पुन्हा ती उशाला घेऊन झोपायची सवय करते आहे. मध्येच रात्री जाग येते, हात उशीखाली जातो, गार पितळ लागतं.

परवा त्याचा फोन आला. तिकडे रुजू झाला, काम फार आहे, पण रात्री घरी जेवतो. वडिलांना आता बरंच स्पष्ट दिसतं. मग म्हणाला, “मॅडम, आईचं खातं काढायचंय. गावातल्या शाखेत गेलो होतो, आपल्या बँकेच्या. दोन फोटो पुरतील ना?”

आपल्या, म्हणाला. मी काही बोलले नाही, त्याच्याही लक्षात आलं नसावं.

“पुरतील,” मी म्हटलं. “आणि नॉमिनी घालायला विसरू नको. त्यांच्याकडून फॉर्मवर तिथल्या तिथेच भरून घे.”